मंडईचा हंगाम : बालाघाट व वैनगंगा खोऱ्यातील गीत, नृत्य व नाट्याची परंपरा

प्रास्ताविक

दीपावली जवळ आली की आपल्या बालाघाट जिल्ह्यात, विशेषतः दक्षिणेकडील गावांत, एकच विचारणा कानी पडू लागते. "तुमच्या गावची मंडई कधी?" पुण्या-मुंबईकडून आपल्याकडे येणाऱ्या भाविकांना या प्रश्नाचे नवल वाटते. त्यांच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. आपल्याकडे मंडई म्हणजे वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी भरणारी गावजत्रा. दिवसा बाजार व पाहुणचार, आणि रात्री पहाटेपर्यंत चालणारे गाणे, नाचणे व नाटक. हिंदीत व छत्तीसगढीत हिलाच 'मड़ई' असे म्हणतात.

या परंपरेविषयी मराठीतून एकत्रित माहिती मिळावी, अशी विचारणा अनेक भाविकांकडून, विशेषतः नोकरी-व्यवसायानिमित्त दूर गेलेल्या कुटुंबांकडून होत असते. त्यांच्यासाठी, आणि उत्सवाचे नियोजन ज्यांच्या हाती असते त्या मंडळींसाठीही, आम्ही ही माहिती येथे संकलित करीत आहोत.

प्रदेश व लोक

बालाघाट जिल्ह्याची स्थापना १८६७ साली झाली. त्या वेळच्या भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांतील भाग एकत्र करून हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण पूर्वी 'बुऱ्हा' या नावाने ओळखले जात असे. शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा आपल्या जिल्ह्यातून वाहत दक्षिणेस महाराष्ट्रात प्रवेश करते. पुढे वर्धा नदीशी तिचा संगम होऊन प्राणहिता होते व ती गोदावरीस मिळते. म्हणजे बालाघाटच्या घाटावरून वाहणारे पाणी अखेर गोदामाईचेच आहे.

नदीच्या दोन्ही तीरांवरील लोकजीवन एकच आहे. पोवार, कुणबी, मरार, लोधी, कलार, ढीवर, कोष्टी, महार, गोवारी, गोंड आदी समाज बालाघाटातही आहेत आणि पलीकडे गोंदिया-भंडाऱ्यातही आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्यप्रांतातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मात्र मध्यप्रदेशात राहिला. सीमारेषा आखली गेली, पण सोयरीक, बाजार व मंडई या तिन्ही गोष्टी तिने अडल्या नाहीत. आजही लांजी किंवा वारासिवनीकडील मंडईत आमगाव, तिरोडा, तुमसरचे पाहुणे येतात आणि इकडची मंडळी तिकडे जातात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या वनाच्छादित भागास 'झाडी' किंवा 'झाडीपट्टी' असे जुने नाव आहे. बालाघाटचा सखल भाग हा या झाडीचाच उत्तरेकडील शेजार होय. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात नागपुरी मराठीच्या पोटभेदांत झाडपी, गोवारी, मऱ्हेटी अशी नावे आढळतात. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची बोली ती हीच.

हा हंगाम याच दिवसांत का?

मंडईचा हंगाम भाऊबीजेपासून सुरू होतो. यामागे केवळ पंचांग नसून शेतीचे गणित आहे. आपला जिल्हा धानाचा. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, हे भाविकांस ज्ञात असेलच. धानाचे स्थूलमानाने दोन प्रकार : हलका धान व भारी धान. हलका धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येतो, तर भारी धानास त्यानंतर काही आठवडे लागतात. हलक्या धानाने घरात नवे अन्न व थोडा पैसा आलेला असतो. पाऊस संपलेला असतो, नद्या-नाले उतरलेले असतात, वाटा कोरड्या झालेल्या असतात आणि थंडी अद्याप बोचरी नसते. उघड्या मैदानात रात्रभर बसण्यास वर्षातील याहून योग्य दिवस नाहीत.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी भरते. आज एका गावी, उद्या शेजारच्या गावी, परवा तिसऱ्या गावी. बहुतेक गावांचा दिवस परंपरेने ठरलेला असून तो सहसा बदलला जात नाही. यामुळे दुकानदार, पाळणेवाले व कलावंतांचे फड क्रमाने एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. एका गावास महिनाभर कलावंत पोसणे शक्य नाही. परंतु एका रात्रीचा भार एक गाव सहज उचलते, आणि अशी अनेक गावे मिळून कलावंतांचा हंगाम होतो. आपल्या पूर्वजांनी केलेली ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची आहे, असे आम्हांस वाटते.

गायगोधन : हंगामाचा आरंभ

मंडईपूर्वीचा दिवस बलिप्रतिपदेचा, म्हणजे पाडव्याचा. या दिवशी गावातील गाई-बैलांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, गळ्यात माळा बांधून सजविले जाते. गावाच्या आखरावर, म्हणजे जेथे रोज गुरे एकत्र होतात त्या मोकळ्या जागेवर, शेणाचा गोवर्धन मांडून त्याची पूजा होते व त्यावरून गाई चालविल्या जातात. यास 'गायगोधन' म्हणतात.

या दिवसाचा मान गोवारी बांधवांचा. वर्षभर गावाची गुरे राखणारा हा समाज या दिवशी पुढे असतो. मोरपिसांनी सजविलेली उंच 'ढाल' घेऊन, ढोल, डफ व बासरीच्या साथीने गोवारी मंडळी घरोघरी नाचत जातात. मध्येच वाद्ये थांबतात, एक जण छोटेसे पद म्हणतो, आणि पुन्हा नाच सुरू होतो. घरधनी त्यांस धान्य, वस्त्र किंवा पैसे देतो. ही भीक नव्हे. वर्षभराच्या राखणीचा तो सन्मान आहे. छत्तीसगढकडे राऊत समाजाचा जो 'राऊत नाचा' प्रसिद्ध आहे, त्याच्याशी या प्रथेचे जवळचे नाते आहे.

अलीकडे घरोघरी जनावरे कमी झाली, ट्रॅक्टर आले, गावाचा सामाईक गुराखी ही व्यवस्था अनेक ठिकाणी मोडली. त्यामुळे काही गावांत गाई मोजक्याच उरल्या असून गायगोधन मात्र प्रथा म्हणून पाळले जाते.

मंडईचा दिवस

मंडईच्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. घरोघरी पाहुण्यांची गर्दी असते. मैदानावर जिलेबी, मुरमुरे, फुटाणे, शिंगाडे, ऊस यांची दुकाने लागतात. बांगड्या, भांडी, खेळणी, शेतीची अवजारे मिळतात. विवाहयोग्य मुला-मुलींच्या घरची माणसे एकमेकांस भेटतात. कित्येक सोयरिकींचे पहिले बोलणे मंडईतच होते.

दुपारी दंडारीचे फड गावात फिरतात किंवा मैदानावर आपले खेळ करतात. सायंकाळी दुकाने आवरू लागतात आणि लोक जेवण उरकून, अंगावर चादर घेऊन, बसावयास पोते किंवा चटई घेऊन रात्रीच्या कार्यक्रमास येतात. कार्यक्रमाचा खर्च गावाच्या वर्गणीतून होतो. गावातील मंडळी आधीच सुपारी देऊन फड ठरवितात आणि आपल्या गावी कोणता फड येणार याची चर्चा पंचक्रोशीत आठवडाभर चालते.

दंडार

दंडार हा झाडीपट्टीचा स्वतःचा नृत्य-नाट्यप्रकार होय. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या प्रकाराचा सविस्तर अभ्यास करून तो मराठी वाचकांपुढे मांडला.

दंडारीस रंगमंच लागत नाही. मोकळे अंगण, देवळापुढील जागा किंवा चौक पुरेसा होतो. कलावंत बहुधा गावातीलच शेतकरी व शेतमजूर असतात. पावसाळ्यात रोवणी संपली की रात्री एखाद्याच्या पडवीत तालीम सुरू होते आणि दिवाळीपर्यंत दंडार उभी राहते. आरंभी गणपतीचे स्तवन होते. त्यानंतर गवळणी, पौराणिक प्रसंग, सोंगे व विनोदी संवाद असा क्रम चालतो. ढोलकी व टाळ ही मुख्य साथ. नाचणारे तालावर पदन्यास करीत गोल फिरतात, मूळ गायक ओळ सांगतो आणि बाकीचे ती झेलतात.

परंपरेने दंडारीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले आहेत. लुगडे नेसून, केसांचा टोप लावून नाचणाऱ्या कलावंतास लोक 'नाच्या' म्हणतात. रात्री ज्याच्या नाचावर सारे गाव डोलते, त्यालाच दुसऱ्या दिवशी रस्त्यात चेष्टा सोसावी लागते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. हे बरे नव्हे. ज्याच्या अंगी कला आहे त्याचा मान दिवसाही तितकाच राखला पाहिजे.

दंडारीची संहिता बहुधा छापलेली नसते. ती कोणाच्या तरी स्मरणात, फार तर एखाद्या जुन्या वहीत असते. गुरूने शिष्यास सांगावी, शिष्याने पाठ करावी, असाच तिचा प्रवास. त्यामुळे एक वृद्ध शाहीर निवर्तला की त्याच्याबरोबर अनेक पदे जातात. छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यास हबीब तन्वीर यांच्यासारखा दिग्दर्शक लाभला. त्यांच्या 'चरणदास चोर' या नाटकास १९८२ साली एडिनबरो येथील महोत्सवात 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळाला आणि गावच्या कलावंतांचे कौतुक जगाने केले. आपल्या शेजारच्या दंडारीस असा योग अद्याप आलेला नाही.

खडी गंमत

दंडारीप्रमाणेच लोकप्रिय असलेला दुसरा प्रकार म्हणजे खडी गंमत. यास खडा तमाशा असेही म्हणतात. कलावंत प्रयोगभर उभेच राहतात, म्हणून 'खडी'. मुख्य शाहीर हाती डफ घेऊन गातो. मागे ढोलकी, तुणतुणे व टाळ यांची साथ असते. पुढे नाच्या व सोंगाड्या.

या प्रकारातील खरी रंगत 'दुय्यम' सामन्यात असते. दोन शाहिरांचे फड समोरासमोर उभे राहतात. एकाने पदातून कूट प्रश्न टाकावा, दुसऱ्याने पदातूनच त्याचे उत्तर द्यावे आणि आपला प्रश्न टाकावा. विषय पुराणातील, अध्यात्मातील, व्याकरणातील किंवा चालू काळातील. कलगी व तुरा या महाराष्ट्रातील जुन्या शाहिरी पक्षांचीच ही परंपरा होय. पहाट होते तरी सामना सुटत नाही. पुराणे, हरिविजय, पांडवप्रताप, रामविजय यांचे ज्ञान निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य कीर्तनकारांइतकेच या शाहिरांनी केले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. या शाहिरांत व वादकांत त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतील कलावंत मोठ्या संख्येने होते. भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यापूर्वी अनेक मंदिरांची दारे या बांधवांस बंद होती. ज्यांच्या मुखातून देवादिकांच्या कथा गावाने ऐकल्या, त्यांनाच देवदर्शन नाकारले गेले. १९५६ नंतर याच परंपरेतील अनेक शाहिरांनी डफावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विचार गाइले. मंडईचे मैदान या सर्वांचे आहे, ही भावना प्रत्येक विश्वस्त व भाविकाने मनी बाळगावी.

झाडीपट्टीचे नाटक

मंडईचे दिवस सरले की नाटकाचा हंगाम जोर धरतो. झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे होय. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव आहे. येथील बाजारपेठेत नाट्यमंडळ्यांची कार्यालये असून हंगामापूर्वी गावोगावचे प्रतिनिधी तेथे जाऊन नाटक व तारीख निश्चित करतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम साधारण होळीपर्यंत चालतो.

नाटकाचा प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतो. पूर्वी लोक बैलगाड्या जुंपून येत असत. आता ट्रॅक्टर व मोटारसायकली येतात. गाणी ध्वनिमुद्रित नसून प्रत्यक्ष गायिली जातात. हार्मोनियम-तबला पूर्वीपासून आहेच. आता त्यास विद्युत वाद्यांची जोड मिळाली आहे. मराठी संगीत नाटक शहरांतून मागे पडले. खेड्यातील तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाने मात्र नाटकातील प्रत्यक्ष गायन येथे जिवंत ठेवले. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला, ही संपूर्ण झाडीसाठी अभिमानाची बाब होय.

नाटकाचे व शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, जुने नाते आहे. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा बेत असे. पटासाठी आलेले पाहुणे रात्री नाटकास थांबत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा अनेक गावांत पटाबरोबर नाटकाचाही प्रेक्षक कमी झाला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शर्यतींस नियमांसह परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरविले. त्यानंतर पुन्हा पट भरू लागले. एका प्रथेवर दुसरी कशी अवलंबून असते, याचे हे उत्तम उदाहरण होय. जनावरांस इजा न करता या गोष्टी व्हाव्यात, हेही तितकेच आवश्यक आहे.

घाटावरील नृत्ये : सैला, रीना व करमा

जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व भागात, बैहर-परसवाड्याकडील पठारावर, गोंड व बैगा बांधवांची वस्ती आहे. त्यांचीही हंगामी नृत्ये आहेत. पीक हाती आल्यावर पुरुष हातात काठ्या घेऊन 'सैला' नाचतात. एका गावचे पथक दुसऱ्या गावी जाते, त्यांचे आदरातिथ्य होते आणि पुढे कधीतरी त्या गावाने परतभेट द्यावी असा संकेत असतो. स्त्रियांचे 'रीना' नृत्य रांगेने, टाळ्या व पदन्यासाच्या तालावर होते. 'करमा' मांदराच्या ठेक्यावर स्त्री-पुरुष मिळून नाचतात.

या गीतांचे संकलन व्हेरियर एल्विन व त्यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी केले. 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' हा त्यांचा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. हिवाळे हे मराठी भाषक होते, हे फारच थोड्यांस ठाऊक आहे. डोंगरावरील गीते ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवली गेली आणि सखल भागातील आपल्या दंडारीच्या वह्या अद्याप माळ्यावरच पडून आहेत, ही तुलना आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

देवस्थाने व मंडई

रामपायली येथील श्रीराम मंदिराची कार्तिक पौर्णिमेची यात्रा व लांजी येथील कोटेश्वर महादेवाची महाशिवरात्रीची यात्रा, या दोहोंच्या मधला काळ म्हणजे आपला मंडई-नाटकांचा हंगाम, असे स्थूलमानाने म्हणता येईल. मंडई हा कोणत्याही एका देवस्थानाचा उत्सव नव्हे; तो गावाचा उत्सव होय. तथापि मंडईच्या सकाळी ग्रामदेवतेची पूजा होते, दंडारीचा पहिला नारळ देवळापुढे फुटतो आणि कार्यक्रमासाठी बहुधा देवळासमोरील पटांगणच वापरले जाते. त्यामुळे पटांगण कोणास, केव्हा व कशासाठी द्यावयाचे, हा निर्णय विश्वस्त मंडळींस दरवर्षी घ्यावा लागतो.

भाषेचा प्रश्न

बालाघाट जिल्ह्यात शिक्षण, शासन व बाजार यांची भाषा हिंदी आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. हिंदीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की मराठी घरांतील मुले मराठी समजतात, पण बोलताना अडखळतात आणि वाचत तर नाहीतच. लिपी एकच असल्याने वाचणे अवघड नाही; सवय मात्र नाही. घराबाहेर, मोठ्या आवाजात, शेकडो लोकांसमोर आपली बोली ऐकू येण्याचे ठिकाण आता मंडईचा रंगमंच हेच प्रामुख्याने उरले आहे. तेथील विनोद मुलांस कळतो, ती हसतात आणि दुसऱ्या दिवशी तेच शब्द खेळताना बोलतात. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने हे कार्य केलेले नाही.

म्हणूनच मंडईत दंडारीऐवजी केवळ ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नृत्य ठेवले, तर आपण एक कार्यक्रम बदलला इतकेच होत नाही. आपल्या पुढील पिढीच्या कानावरून एक भाषा उतरते.

सध्याच्या अडचणी

पहिली अडचण वेळेची. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मध्यप्रदेशात याशिवाय १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम लागू आहे. पहाटेपर्यंत चालणारी दंडार या चौकटीत बसत नाही. येथे हे स्मरणात ठेवावे की दंडार मुळात ध्वनिक्षेपकाशिवायच होत असे. आजारी माणसे, परीक्षेस बसलेली मुले व लहान बाळे यांचा विचार करून केलेले हे नियम आहेत. त्यांचा आदर व्हावयास हवा.

दुसरी अडचण खर्चाची. प्रकाशयोजना व मोठ्या ध्वनिव्यवस्थेसह येणारा ऑर्केस्ट्रा गर्दी खेचतो, म्हणून वर्गणीचा मोठा भाग तिकडे जातो आणि गावच्या दंडारीस उरलेसुरले मिळते. तिसरी अडचण कलावंतांची. तरुण मुले रोजगारासाठी नागपूर, हैदराबाद, पुणे येथे जातात. तालमीस माणसे मिळत नाहीत. २०२० च्या महामारीत हंगामच बुडाला आणि ज्यांचे पोट या चार महिन्यांवर अवलंबून होते त्या कलावंतांस मजुरीवर जावे लागले. त्यांतील सर्वच परत आले नाहीत.

चौथी अडचण आमच्या-तुमच्या मनातील आहे. दंडार व गंमत ही 'अडाण्यांची करमणूक' आहे, देवळाच्या पटांगणात ती शोभत नाही, असे सुशिक्षितांतील काही मंडळी म्हणतात. काही प्रयोगांत अचकट-विचकट बोलणे येते, हे खरे आहे व ते टाळावयास हवे. परंतु त्यासाठी संपूर्ण कला त्याज्य ठरविणे योग्य नव्हे. गणाने आरंभ होणाऱ्या व भैरवीने संपणाऱ्या रात्रीस देवापुढे जागा नाही, असे म्हणणे आम्हांस पटत नाही.

काय करता येईल?

हंगामाचे नियोजन करणाऱ्या मंडळींच्या विचारार्थ पुढील गोष्टी आम्ही नम्रपणे मांडीत आहोत.

१. दंडारीचा मुख्य प्रयोग दुपारी किंवा सायंकाळी ठेवावा, म्हणजे तो रात्री १० पूर्वी पूर्ण होईल. उशिरा चालणारा भाग ध्वनिक्षेपकाविना, लहान बैठकीत व शेजाऱ्यांस त्रास होणार नाही अशा रीतीने घ्यावा.

२. आवश्यक परवानग्यांसाठी मंडईच्या तारखेपूर्वी पुरेसा अवधी ठेवून प्रशासनाकडे अर्ज करावा. ऐनवेळी धावपळ होऊन कार्यक्रम मध्येच थांबविण्याची वेळ कलावंतांवर येऊ देऊ नये.

३. वर्गणीतील ठराविक हिस्सा गावच्या किंवा पंचक्रोशीतील पारंपरिक फडासाठी आधीच राखून ठेवावा आणि मानधन प्रयोगाच्याच रात्री द्यावे.

४. कलावंतांची जेवणाची, निवाऱ्याची व पोशाख बदलण्याच्या जागेची सोय सन्मानपूर्वक करावी. स्त्री कलावंतांसाठी व स्त्रीभूमिका करणाऱ्या कलावंतांसाठी सुरक्षित, बंदिस्त जागा असावी.

५. ज्या घरांत जुन्या शाहिरांच्या वह्या असतील त्या जपून ठेवाव्यात. कुटुंबाच्या संमतीने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. वृद्ध कलावंतांची पदे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावीत. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एक दुपार व थोडा धीर पुरेसा आहे. गाणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक सोबत अवश्य नोंदवावा.

६. मुलांना तालमीस बसू द्यावे. ती आधी टाळ धरतील, मग ओळ झेलतील, आणि एखादा पुढे गाईलही.

समारोप

मंडई कोणाच्या आदेशाने सुरू झाली नाही व कोणाच्या अनुदानावर चालली नाही. धान कापणाऱ्या हातांनी वर्गणी दिली, त्याच हातांनी ढोलकी वाजविली आणि त्याच लोकांनी समोर बसून ऐकले. ही परंपरा मोडण्यासही कोणाच्या आदेशाची आवश्यकता नाही. दोन-तीन वर्षे तालीम झाली नाही, एवढेही तिला पुरेसे होईल.

दूरगावी असलेल्या भाविकांस आमची विनंती आहे की दिवाळीस गावी आल्यावर पाडवा होताच परतीची गाडी धरू नये. भाऊबीजेनंतर दोन दिवस थांबावे, मुलांना सोबत घेऊन एखादी मंडई पाहावी आणि दंडारीपुढे पोते टाकून बसावे. सुरुवातीस मुलांना काही शब्द कळणार नाहीत. ती तुम्हांस अर्थ विचारतील. तो अर्थ सांगण्यासाठी तुम्ही तेथे असावे, एवढीच या लेखामागील इच्छा होय.

आपल्या संग्रही दंडार, गंमत किंवा गायगोधनाची पदे, वह्या अथवा जुनी छायाचित्रे असल्यास त्यांची माहिती आपल्या गावच्या उत्सव मंडळास अवश्य कळवावी, ही सर्व भाविकांस व सभासदांस नम्र विनंती.